अंगचा रंग : टायटेनियमच्या चाकूवरील दोन घरगुती संस्कारांचा आढावा

रोज हाती लागणाऱ्या वस्तूवर आपली काही खूण असावी, ही माणसाची हौस फार जुनी आहे. आपल्याकडे सुपारी कातरावयाच्या अडकित्त्याला मोराचे आणि घोड्याचे आकार दिले गेले, बिदरच्या कारागिरांनी जस्त-तांब्याच्या मिश्रधातूला काळा करून त्यावर चांदीच्या वेली जडविल्या, आणि पानाचा साधा डबाही आपल्या पूर्वजांनी नक्षीवाचून सोडला नाही. त्याच हौसेचे एक अलीकडचे रूप अमेरिकेत गेल्या तीन-चार दशकांत वाढीस लागले आहे. टायटेनियमची मूठ असलेला, मिटून खिशात ठेवावयाचा चाकू विकत घ्यावयाचा, घरच्या टेबलावर त्याचे सर्व स्क्रू उकलून भाग सुटे करावयाचे, मुठीच्या पट्ट्या खड्यांच्या बरणीत घालून खळखळवावयाच्या आणि मग सोड्याच्या पाण्यात बुडवून, विजेच्या साहाय्याने, त्यांवर निळा, जांभळा, सोनेरी असा हवा तो रंग आणावयाचा, असा हा प्रघात आहे. यांपैकी पहिल्या कृतीस स्टोनवॉश म्हणतात. दुसरीस शास्त्रीय परिभाषेत धनाग्रीकरण आणि कारखान्याच्या बोलीत अ‍ॅनोडायझिंग.

या दोन कृतींविषयी जो अनुभव आजवर साठला आहे त्याचा साकल्याने विचार करता आमच्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली आहे. मुलाम्यात सोने बाहेरून येते, कल्हईत कथील बाहेरून येते, रंगकामात रंगाचा डबा आणावा लागतो; या दोन संस्कारांत मात्र धातूवर परके असे काहीच चढत नाही. एकात त्याच्या पृष्ठावरील ओरखड्यांची व्यवस्था लावली जाते, दुसऱ्यात त्याच्याच कणांपासून त्याची त्वचा थोडी जाड केली जाते. म्हणून येथे कसब दाखवावयाचे ते पूर्वतयारीत आणि संयमात. कोणत्या भागास हात लावावयाचा नाही हे ज्याला कळले, त्याला ही विद्या बव्हंशी साधली असे समजावे. पुढील विवेचन याच दृष्टीने केले आहे.

धातूची हकीकत

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर नावाच्या एका पाद्रीने १७९१ साली ओढ्याकाठच्या काळ्या वाळूची परीक्षा करताना तीत एक अपरिचित मूलद्रव्य असल्याचे ओळखले. पुढे १७९५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्लाप्रोट याने दुसऱ्या एका खनिजातून तेच द्रव्य स्वतंत्रपणे शोधले आणि ग्रीक पुराणांतील टायटन नामक पृथ्वीपुत्रांवरून त्याचे नामकरण केले. परंतु नाव मिळाले तरी धातू हाती येईना. टायटेनियमला प्राणवायूची ओढ इतकी विलक्षण आहे की, एकदा जडलेला संबंध तोडून त्यास शुद्ध रूपात वेगळे करण्यास १९१० साल उजाडावे लागले. ते श्रेय अमेरिकेतील मॅथ्यू हंटर यांचे. लक्झेंबर्गचे विल्यम क्रोल यांनी मॅग्नेशियमच्या साहाय्याने त्याचे क्षपण करण्याची रीत बसविल्यावर १९४८च्या सुमारास त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले, आणि विमानांच्या कारखान्यांतून हळूहळू तो इतर धंद्यांत उतरला.

मराठी वाचकास ही काळी वाळू परकी नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळबादेवीच्या आसपास जी काळसर, जड वाळू लाटांबरोबर मागेपुढे सरकताना दिसते, तीत इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटेनियम यांचे संयुक्त खनिज, विपुल आहे. केरळातील चवरा येथे अशाच वाळूपासून टायटेनियमचा सच्छिद्र गोळा, ज्यास स्पंज म्हणतात, तो तयार करण्याचा कारखाना उभा राहिला आहे.

चाकूच्या मुठीसाठी जो मिश्रधातू सर्रास वापरतात त्यात शेकडा ६ भाग अ‍ॅल्युमिनियम आणि ४ भाग व्हॅनेडियम असते. त्याची घनता ४.४३, म्हणजे पोलादाच्या निम्म्याहून थोडी अधिक. बळकटी मात्र चांगल्या पोलादाच्या तोडीची आणि गंज मुळीच नाही. ज्या प्राणवायूच्या ओढीने रसायनशास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे झुंजविले, तीच ओढ येथे उपकारक ठरते. हवा लागताक्षणी या धातूवर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो, तो आतील धातूचे रक्षण करतो, आणि विजेने जाड केला असता तोच रंगांचे भांडार उघडतो.

चाकूची रचना आणि जिल्हईचा प्रश्न

पाते उघडल्यावर ते बोटांवर मिटू नये यासाठी खटका लागतो. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील मायकेल वॉकर यांनी मुठीच्या आत एक पातळ स्प्रिंगपट्टी बसवून, ती पात्याच्या मुळामागे आपोआप सरकेल अशी योजना प्रचारात आणली. मूळचे दक्षिण आफ्रिकेतील आणि १९८९ साली आयडाहो संस्थानातील बॉइसी गावी येऊन स्थायिक झालेले ख्रिस रीव्ह यांनी त्याच कल्पनेचा पुढचा टप्पा गाठला. त्यांच्या ‘सेबेंझा’ या चाकूत वेगळी पट्टी नाही. मुठीच्या टायटेनियमच्या एका फळीलाच लांबट चीर देऊन तिची एक जीभ आत वळविलेली असते, आणि तीच पात्यास अडविते. सेबेंझा हा झुलू भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘काम’ असा आहे. टायटेनियमचा ताठरपणा पोलादाच्या जवळजवळ निम्मा असल्यामुळे ही जीभ न मोडता सहज लवते आणि पुन्हा जागेवर येते. या रचनेचे पुढे इतके अनुकरण झाले की आज टायटेनियमची मूठ म्हटले की हाच खटका डोळ्यांपुढे उभा राहतो.

कारखान्यातून बाहेर पडताना अशा मुठीस बहुधा वाळूच्या फवाऱ्याने मंद, राखी जिल्हई दिलेली असते. नवी असताना ती मखमलीसारखी भासते. परंतु खिशातील किल्ल्या, नाणी आणि पँटच्या शिवणीतील बटणे यांच्याशी गाठ पडताच तिच्यावर चकचकीत रेघा उमटू लागतात. गोगलगाय भिंतीवरून सरकून गेली म्हणजे मागे जशी ओली रेष राहते, तसल्या या रेघा दिसतात, आणि हौशी मंडळींनी त्यांना गोगलगायीचेच नाव दिले आहे. ज्याला हा बदल सोसत नाही असा मालक मग दुसऱ्या जिल्हईच्या शोधास लागतो, आणि बहुतेकांचा प्रवेश या विद्येत याच दाराने होतो.

उकल

कोणताही संस्कार करण्यापूर्वी चाकू पूर्ण सुटा करावा लागतो, आणि अर्धे नुकसान येथेच होते. स्क्रूंची डोकी षट्कोणी ताऱ्याच्या आकाराची असतात. त्यांना ६, ८ किंवा १० क्रमांकाचे टॉर्क्स पेचकस लागतात. आट्यांना कारखान्यात चिकट द्रव लावलेला असतो, म्हणून स्क्रू हटत नसेल तर जोर करण्याऐवजी सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने त्याच्या डोक्यास थोडी ऊब द्यावी. द्रव मऊ पडतो आणि स्क्रू निमूटपणे सुटतो. घाई करणाऱ्याचे पेचकस डोक्यातून फिरते आणि तारा झिजून गोल होतो. सुटे भाग ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने पांढऱ्या फडक्यावर मांडावेत.

आता प्रत्येक भागाची कैफियत ऐकावयाची. मुठीच्या फळ्या, खिशात अडकविण्याचा चिमटा आणि मधला आधार हे टायटेनियमचे असल्यास संस्कारास पात्र आहेत. खटक्याच्या जिभेच्या टोकाशी पुष्कळ चाकूंत पोलादाचा एक छोटा तुकडा स्क्रूने बसविलेला असतो. तो काढून ठेवावा. पाते मिटलेल्या स्थितीत राहावे म्हणून त्याच जिभेत मोहरीएवढी कठीण गोळी दाबून बसविलेली असते. ती सहसा निघत नाही, म्हणून तिचे रक्षण कसे करावयाचे ते आधीच ठरवावे लागते. पात्याच्या आसाचे छिद्र आणि त्याभोवतालचे वर्तुळ, जेथे कांस्याच्या चकत्या किंवा गोळ्यांचे बेअरिंग बसते, तेथे शंभरांश मिलिमीटरचाही फरक पडू देणे इष्ट नाही.

स्टोनवॉश

नदीच्या पात्रातील गोटा मुळात कोनाकोपऱ्यांचा दगड असतो. हजारो पावसाळे तो इतर दगडांवर आपटतो, घासतो, आणि शेवटी देव्हाऱ्यातील बाणासारखा गुळगुळीत होऊन निघतो. स्टोनवॉश म्हणजे हीच क्रिया काही तासांत उरकणे होय. धातूचा तुकडा असंख्य खड्यांबरोबर घोळला की त्यावर सर्व दिशांनी बारीक ठोसे आणि ओरखडे पडतात, कोणतीही एक रेघ उठून दिसत नाही, कडा किंचित बोथटतात आणि प्रकाश एका जागी न चमकता सर्वत्र विखुरला जातो. पुढे वापरात जे नवे ओरखडे पडतात ते त्या गर्दीत मिसळून जातात. या जिल्हईचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

साधने तीन प्रकारची आढळतात. कारखान्यांत आणि सुस्थितीतील हौशी मंडळींकडे कंप पावणारे भांडे असते, ज्यात खडे आणि तुकडे तासन्‌तास घुसळत राहतात. दुसरे, रत्ने घासण्याचे फिरते पिंप. ते सावकाश चालते, परंतु फळ एकसारखे देते. तिसरे आणि सर्वांत स्वस्त साधन म्हणजे रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी आणि दोन हात. बरणी अर्धी खड्यांनी भरावी, खडे बुडतील न बुडतील इतके पाणी घालावे, भांडी घासण्याच्या साबणाचे चार थेंब सोडावेत, फळी आत ठेवून झाकण घट्ट लावावे आणि हलवू लागावे. कानाची मदत येथे फार होते. पहिल्या मिनिटांत कोरडा, कर्कश खडखडाट ऐकू येतो. खडे आणि पाणी यांचा मेळ बसला की त्याचे रूपांतर भरल्या घमेल्यातील रेतीच्या आवाजासारख्या एका जाड घरघरीत होते, आणि तेव्हापासूनच खरे काम सुरू झाले असे समजावे. पंधरा-वीस मिनिटांनी फळी काढून धुवून पाहावी. पाणी राखी झालेले असते आणि धातूवरील जुन्या रेघा विरू लागलेल्या असतात.

खड्यांच्या निवडीविषयी मतभेद आहेत, ते वस्तुतः हेतूच्या भेदामुळे आहेत. सिरॅमिकचे त्रिकोणी किंवा तिरपे कापलेले तुकडे, ज्यांत घर्षक भुकटी मिसळलेली असते, ते धातू कापतात. त्यांनी जुने ओरखडे लवकर जातात आणि पृष्ठ मंद दिसते. गुळगुळीत गोटे किंवा चिनी मातीच्या गोळ्या कापीत नाहीत, घोटतात. त्यांनी पृष्ठास तेज चढते. मोठे खडे खोल आणि विरळ खुणा करतात, लहान खडे बारीक आणि दाट. ज्यांस दोन्ही गुण हवेत ते प्रथम कापणाऱ्या आणि नंतर घोटणाऱ्या खड्यांत फळी घोळतात, आणि आमच्या मते हाच क्रम उत्तम होय. आसाच्या छिद्रात रबराचे बूच बसवावे, आणि गोळी तसेच जिभेचे टोक यांवर जाड चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्यावेत; दर खेपेस पट्टी तपासावी, कारण ती फाटते.

पात्यासही हा संस्कार देतात. पोलाद आधी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात काळे करून मग घोळले असता उंचवट्यांवरील काळेपणा जाऊन खळग्यांतला राहतो, आणि जुन्या तव्यासारखी गंभीर छटा येते. परंतु धार आणि टोक उघडे ठेवून पाते बरणीत घालणे म्हणजे धार घालविणे आणि बरणीस भोक पाडणे होय. नवशिक्याने पाते बाजूस ठेवून मुठीवरच हात बसवावा.

धनाग्रीकरण

आपल्या स्वयंपाकघरांतील काळसर राखी ‘हार्ड अ‍ॅनोडाइज्ड’ कढया आणि कुकर सर्वांच्या परिचयाचे आहेत. अ‍ॅल्युमिनियमवर विजेने ऑक्साइडचा थर वाढविण्याची रीत १९२३ साली इंग्लंडमध्ये सागरी विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचविण्यासाठी निघाली. अ‍ॅल्युमिनियमचा तो थर सच्छिद्र असतो आणि त्यात रंग जिरविता येतो. टायटेनियमचा थर घट्ट, पारदर्शक आणि स्वतः रंगहीन असतो. भिंतीच्या पांढऱ्या रंगात जी भुकटी घालतात तेच हे टायटेनियम डायऑक्साइड. मग त्यातून निळा-जांभळा येतो कोठून?

पावसाळ्यात डांबरी रस्त्यावरच्या पाण्यात सांडलेले रॉकेल जे रंग दाखविते, साबणाचा फुगा फुटण्यापूर्वी जे रंग दाखवितो, शिंपल्याच्या आतील अंगास जे पाणी खेळते, त्यांचेच हे सख्खे भावंड आहे. रॉबर्ट हूक याने १६६५ साली अभ्रकाच्या पापुद्र्यांवरील असे रंग वर्णिले, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टॉमस यंग याने त्यांचा उलगडा केला, आणि १९३०नंतरच्या दशकात आपल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिंपल्यांच्या रंगांचा बारकाईने अभ्यास केला. पापुद्र्याच्या वरच्या पृष्ठावरून परतलेला प्रकाश आणि खालच्या धातूवरून परतलेला प्रकाश यांची भेट होते. ज्या रंगाच्या लहरी एकमेकींस मारक ठरतात तो रंग लोपतो, आणि उरलेल्यांचे मिश्रण आपणांस दिसते. यालाच व्यतिकरण म्हणतात. कोणता रंग लोपणार हे केवळ पापुद्र्याच्या जाडीवर अवलंबून असते, आणि ही जाडी दर व्होल्टमागे सुमारे २ नॅनोमीटर अशी वाढते. ३० व्होल्टला ती साठेक नॅनोमीटर, म्हणजे डोक्यावरील केसाच्या जाडीचा हजारावा भागही नव्हे. त्या व्होल्टला जेवढी जाडी शक्य तेवढी झाली की वाढ आपोआप थांबते, विद्युतप्रवाह ओसरतो, आणि रंग स्थिर होतो. घरगुती माणसाच्या हातून हे काम सुरेख होऊ शकते याचे कारण हाच स्वयंनियंत्रित स्वभाव आहे.

सामग्री थोडी लागते. ऊर्ध्वपातित पाणी एक लिटर, त्यात खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा किंवा ट्रायसोडियम फॉस्फेट एखादा चमचा. प्लॅस्टिकचे किंवा काचेचे भांडे. ऋणाग्रासाठी स्टेनलेस पोलादाचा अगर टायटेनियमचा पत्रा. आणि दिष्ट प्रवाहाचा उगम. अनेकांनी आरंभ ९ व्होल्टच्या चौकोनी घटांनी केला आहे, कारण त्यांची टोके एकमेकांत बसतात. तीन जोडले की २७ व्होल्ट, म्हणजे गडद निळा. मीठ कदापि घालू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि धातूस खड्डे पडतात. चाकूची फळी धनाग्रास जोडावयाची, आणि पाण्यात जो भाग बुडेल तेथे जोडणीची तारही टायटेनियमचीच असावी. तांब्याची तार किंवा पोलादाचा विसरलेला तुकडा पाण्यात गेला तर प्रवाह त्याच मार्गाने पळतो, तो तुकडा खाल्ला जातो आणि टायटेनियम रंगावाचून राहते.

परंतु या साऱ्याहून महत्त्वाची बाब स्वच्छता ही होय. प्रस्तुत लेखकाने, भाच्याने अमेरिकेहून आणलेल्या एका लहान चाकूवर पहिला प्रयोग केला तेव्हा फळी साबणाने धुतली, अ‍ॅसिटोनने पुसली आणि मग समाधानाने, उघड्या हाताने, उचलून तारेस टांगली. पाण्यातून बाहेर आली तेव्हा सर्वांग निळे आणि कडेला एक पिवळट अंगठा, रेषांसह, सरकारी दस्तऐवजावर उठवावा इतका स्पष्ट. त्वचेचे तेल जेथे होते तेथे पापुद्रा पुरता वाढलाच नव्हता. ती फळी पुन्हा बरणीत घालून निळा उतरविला, रबरी मोजे चढविले आणि दुसऱ्या दिवशी काम प्रथमपासून केले.

दुसऱ्या खेपेस बदलत्या व्होल्टचा पुरवठा वापरला, आणि तेव्हा जे पाहिले ते विसरणे शक्य नाही. काटा दहा-बाराच्या पुढे जाताच राखी धातूवर न घासलेल्या पितळी तांब्याची तपकिरी झाक आली; विशीत ती जांभळी झाली; अठ्ठाविसाच्या आसपास गोकर्णीच्या फुलाचा भरगच्च निळा उतरला. पस्तिशी ओलांडली की तो फिकटत आकाशी होतो, चाळिशीच्या पुढे जवळजवळ रुपेरी. पन्नास-पंचावन्नला वाळल्या गवताचा सोनेरी, साठी ओलांडल्यावर गुलाबी, पंचाहत्तरीस किरमिजी, पंच्याऐंशीच्या सुमारास मोरपंखी आणि नव्वदीच्या पुढे हिरवा, अशी ही रंगमाला आहे. हे आकडे अंदाजाचे समजावेत. मिश्रधातू, द्रावण आणि पृष्ठाचा पोत यांप्रमाणे ते दोन-चार व्होल्टने हलतात, म्हणून त्याच धातूच्या एखाद्या स्क्रूवर अगर तुकड्यावर आधी नमुना काढावा. शुद्ध तांबडा आणि काळा हे रंग या रीतीने मिळत नाहीत. चकचकीत पृष्ठावर रंग झळाळतात, मंद पृष्ठावर ते गडद आणि शांत दिसतात. खालची जिल्हई वरच्या रंगातून कधीच लपत नाही.

दोहोंचा संयोग

आधी स्टोनवॉश आणि मग रंग असा क्रम ठेवला तर सर्व पृष्ठ एकाच रंगाचे होते आणि ओरखड्यांची जाळी त्याखालून झिरपते. उलट क्रम ठेवला, म्हणजे रंगविलेली फळी थोडा वेळ घोटणाऱ्या खड्यांत हलविली, तर उंचवट्यांवर धातूचा राखी रंग उघडा पडतो आणि खळग्यांत निळा किंवा सोनेरी राहतो. बरीच वर्षे वापरलेल्या वस्तूस येणारी ही कळा आमच्या दृष्टीने दोहोंत अधिक सुंदर आहे.

एकाच फळीवर दोन रंग हवे असल्यास नियम एकच: मोठ्या व्होल्टचे काम आधी, लहान व्होल्टचे नंतर. जाड झालेला पापुद्रा कमी व्होल्टला दाद देत नाही. सर्व फळी प्रथम सोनेरी करावी, जेथे निळी वेल हवी तेथील सोनेरी रंग घर्षक कापडाने खरवडून काढावा आणि मग तीस व्होल्टच्या आत पुन्हा बुडवावी. सोने जेथल्या तेथे राहते. नखांच्या रंगाने काही भाग झाकण्याची, तसेच ऋणाग्रास जोडलेल्या ओल्या कुंचल्याने फळीवर रेघा ओढण्याचीही रीत रूढ आहे. ज्योतीने तापवूनही असे रंग येतात. परंतु त्यांवर ताबा राहत नाही, आणि खटक्याच्या जिभेस अवास्तव ताप देणे आम्हांस मान्य नाही.

वादाचे मुद्दे

पहिला वाद टिकाऊपणाचा. हा रंग उन्हाने विटत नाही, कारण त्यात विटावयास रंगद्रव्यच नाही. परंतु पापुद्रा इतका पातळ आहे की खिशातील नाण्यांपुढे त्याचा निभाव लागत नाही. तेलकट बोट लागले तरी छटा बदललेली दिसते आणि पुसताच परत येते. ज्यास कायमचा रंग हवा त्याने या वाटेस जाऊ नये. रंग उतरविणे आणि पुन्हा चढविणे यांत धातू जवळजवळ खर्च होत नाही, हे त्याच नाण्याचे दुसरे अंग होय.

दुसरा वाद बळाचा. रंगाने मूठ कमकुवत होते काय, याचे उत्तर नाही असे आहे. शंभर-दीडशे नॅनोमीटरांनी कोणतीच फळी दुबळी होत नाही. हाडे जोडण्याचे टायटेनियमचे स्क्रू आकारमानाप्रमाणे ओळखता यावेत म्हणून याच रीतीने रंगविलेले असतात, हा दाखला पुरेसा आहे.

तिसरा वाद खटक्याच्या टोकाचा. नुसते टायटेनियम पोलादावर घासले की चिकटते, आणि खटका सोडविताना अंगठ्यास ओढ जाणवते; यावर टोकासही ऑक्साइड चढवावा असे काहींचे मत आहे. तो थर काही दिवस मदत करतो आणि मग झिजतो. परंतु याच टोकास बरणीत घालून त्याचा कोन बदलला तर पाते डुलू लागते, आणि मग कोणत्याही व्होल्टने ते सुधारत नाही. अनेक कारखानदारांची हमी चाकू उकलल्याने संपुष्टात येते, हेही हिशेबात धरावे.

धोके आणि कायदा

६० व्होल्टच्या वरचा दिष्ट प्रवाह जिवावर बेतू शकतो. दहा छोट्या घटांची माळ खेळण्यासारखी दिसते. तिच्या दोन टोकांस ओल्या हातांनी एकाच वेळी स्पर्श करणे हा खेळ नव्हे. रबरी मोजे घालावेत, जोडणी बदलताना प्रवाह बंद करावा, आणि घरातील भिंतीच्या विजेस नुसता रेक्टिफायर लावून काम करण्याचे धाडस कोणीही करू नये. ऋणाग्रावर हायड्रोजन निघतो, म्हणून खिडकी उघडी असावी. वरच्या व्होल्टचे हिरवे रंग स्वच्छ यावेत म्हणून हायड्रोफ्लोरिक आम्लाने पृष्ठ खरडण्याची जी शिफारस केली जाते, ती घरापुरती साफ नामंजूर करावी. ते आम्ल त्वचेतून आत उतरते, शरीरातील कॅल्शियम बांधते आणि हृदयाच्या ठोक्यांपर्यंत पोहोचते. हिरवा रंग थोडा मळकट आला तरी चालेल. टायटेनियम कोरडे घासल्यास त्याची भुकटी पेट घेते आणि तिच्यावर पाणी मारणे घातक ठरते, म्हणून घासावयाचे ते ओले.

कायद्याचाही विसर पडू नये. आपल्याकडे शस्त्रविषयक नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे निराळी गणली असून, घरगुती आणि औद्योगिक कामाची त्यांतून वगळली आहेत. सेबेंझाचे मोठे पातेही चार इंचांच्या आत आहे. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई हुकूम जारी असता सुरी जवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकते. रंगविलेला चाकू घरी, कामाच्या पेटीत किंवा शेतावर शोभतो. गर्दीत आणि विमानात त्याचे काम नाही.

समारोप

या सर्व तपशिलातून निष्पन्न काय होते? सामग्री स्वस्त आहे, शास्त्र स्पष्ट आहे, आणि चूक झाली तर ती बहुधा परत घेता येते. ज्या दोन-तीन चुका परत घेता येत नाहीत त्या सर्व खटका, आस आणि धार यांच्या जागी घडतात. अशी मुभा आणि अशी मर्यादा एकत्र असलेले हस्तकौशल्य शिकणाऱ्यास फार उपकारक असते, म्हणून ज्यास अवजारांची आवड आहे त्याने ते अवश्य करून पाहावे, असे आमचे मत आहे.

आमच्या त्या छोट्या चाकूवरचा निळा आता चिमट्याच्या कडेला झिजला आहे. तेथे धातूचा मूळ राखी रंग दिसू लागला आहे, आणि अंगठा जेथे टेकतो तेथे निळ्यातून जांभळा डोकावतो. पुढील पावसाळ्यात एखाद्या रिकाम्या रविवारी तो उकलून पुन्हा बरणीत घालावयाचा बेत आहे. या वेळी सोनेरी करून पाहू. जिभेचे टोक मात्र पहिल्या दिवसाप्रमाणेच पट्टीखाली झाकलेले राहील. पाते उघडताना जो ‘टक्’ असा एकच निःसंदिग्ध आवाज होतो, तो त्या कोऱ्या टोकाचा आहे.